एकोणीस मार्चचं पान

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

कांताबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन रद्द! दीड वर्ष वेटिंग लिस्टवर होत्या, तारीख मिळाली, आणि काल हॉस्पिटलचं पत्र – आधी या देशात राहण्याचा हक्क सिद्ध करा, शेअर कोड, म्हणजे त्या हक्काचा ऑनलाइन नंबर, द्या, मग बघू.

समोरच्या घरातून माझ्या दारापर्यंत येताना त्या दोनदा थांबल्या. मी खिडकीतून पाहत होते. रस्ता केवढा, तर एक गाडी जेमतेम जाईल एवढा.

पत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, ह्यांना जरा इंग्रजीत सांगा ना, माझ्याकडे कार्ड आहे म्हणून." पिशवीतून ते निळं कार्ड काढलं. लॅमिनेट केलेलं! कोपरे पिवळे पडलेत. बसपास, डोळ्यांचे थेंब आणि हे कार्ड, असं त्यांचं सगळं त्या पिशवीत असतं. त्यावर स्वच्छ छापलंय – कायमच्या वास्तव्याचा दाखला. २०१६ साली, ब्रेक्झिटचा निकाल लागल्यावर, त्याचा पंच्याऐंशी पानांचा फॉर्म मीच भरून दिला होता. चार शनिवार गेले होते.

लगेच फोन लावला. चाळीस मिनिटं पेटीसारखं संगीत, मग एक मुलगा. म्हणाला, मॅडम, ते कार्ड आता व्हॅलिड नाही. मी म्हटलं, परमनंट या शब्दाचा अर्थ तुम्हाला कोणत्या शाळेत शिकवला? मला नन्सनी शिकवलाय. तो सॉरी म्हणाला. अशा मुलांवर रागावताही येत नाही नीट.

कांताबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "होईल ना?"

"होईल म्हणजे काय! झालंच पाहिजे."

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर सरकारी वेबसाइट वाचली. डोळे गेले.

कांताबाई पोर्तुगीज नागरिक आहेत. सांगून खरं वाटत नाही. पोर्तुगीजचा एक शब्द त्यांना येत नाही. शाळा मराठी, पेडण्याची, सातवीपर्यंत. पण जन्म गोवा मुक्त होण्याआधीचा, चर्चजवळच्या कचेरीत नोंदवलेला, म्हणून लिस्बनच्या कायद्याने त्या जन्मतःच त्यांच्या. २००९ साली नवरा गेल्यावर मुलाला, समरला, घेऊन लिस्बनला गेल्या, अकरा दिवस राहिल्या, कागद घेतले आणि थेट कॉव्हेंट्री. युरोपियन युनियनमधला कोणताही नागरिक कोणत्याही सदस्य देशात जाऊन काम करू शकतो – माल, पैसा, सेवा आणि माणसं, चौघांनाही सारखंच मोकळं रान. कोणी विचारलं नाही की का आलात. सॅलडच्या कारखान्यात बारा वर्षं, चार डिग्री थंडीत उभं राहून काकडी. गुडघे तिथेच गेले.

ब्रिटन बाहेर पडलं तेव्हा असल्या सगळ्यांनी ३० जून २०२१ च्या आत 'सेटल्ड स्टेटस'साठी नवा अर्ज करायचा होता. निळं कार्ड असलं तरीही! त्या दिवसानंतर ते कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक. समरने स्वतःचा, बायकोचा अर्ज फोनवर केला होता. आईला विचारलं होतं, ती म्हणाली, माझं झालंय.

झालंय! कुणाला एका शब्दाने विचारायचं की नाही? समोर मी बसलेय. इथल्या अख्ख्या मराठी मंडळाचे फॉर्म मी भरले – पेन्शन, पासपोर्ट, नातवंडांच्या शाळा. हिने मात्र विचारलं नाही.

११ नोव्हेंबर

थंडी. गुडघे माझेही दुखतात, पण मला हक्क आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

ईशिता आली होती बर्मिंगहॅमहून. लॉचं शेवटचं वर्ष. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात काय सांगतात याबद्दल? म्हणते, "आजी, इयू लॉ आता ऑप्शनल आहे. आम्ही सात जणच घेतला."

पण शिकलीय पोरगी. मला समजावून सांगितलं. जुन्या व्यवस्थेत हक्क थेट करारातून यायचा. तुम्ही काम करता, राहता, म्हणजे हक्क आहेच, कार्ड फक्त तो दाखवतं. हरवलं तरी हक्क जात नाही. नव्या व्यवस्थेत उलटं. अर्ज मंजूर झाला की हक्क जन्मतो. अर्ज नाही, हक्क नाही, मग तुम्ही इथे चाळीस वर्षं राहा. मला हे डोक्यात बसायला वेळ लागला. एकाच बाईने त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून ३० जूनची रात्र ओलांडली, आणि सकाळी ती कायद्याच्या बाहेर! तिला पत्ताही नाही. चहा करून नातीला शाळेत सोडून आली असेल.

मी म्हटलं, हा अन्याय आहे. ईशिता शांतपणे म्हणाली, "तू व्होट केलास ना त्याला."

हो, केलं. मी कधी लपवलं नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत आमचे हे, मोहन, गेले. सुप्रभाताई पुण्याहून यायला निघाली होती – माझी एकच बहीण. व्हिसा नाकारला. कारण काय तर, 'तुम्ही परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही.' अडुसष्ट वर्षांची बाई, दमेकरी, बहिणीच्या गळ्यात पडून रडायला येणार, ती काय इथे राहून टॅक्सी चालवणार होती? आणि त्याच आठवड्यात कांताबाईंचा कुठलासा पुतण्या आला, हात हलवत, कोणी 'का' म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं. एकाला सगळी दारं उघडी आणि दुसऱ्याला फटही नाही, असली युनियन मला नको. सगळ्यांना एकच नियम लावू, असं ब्रेक्झिटवाले म्हणाले होते. लावला – सगळ्यांना बंद.

ईशिताला एवढंच म्हटलं, "केलास नाही, केलंस."

२४ नोव्हेंबर, सोमवार

समरने आईचा उशिराचा अर्ज स्वतःच भरून पाठवला. मला न दाखवता! लॉरी थांबवून, सर्व्हिस स्टेशनवर, अंगठ्याने. उशीर का झाला, या चौकटीत त्याने लिहिलं: 'आईला माहीत नव्हतं. तिने कोणाला विचारलं नाही.'

मी कांताबाईंना म्हटलं, "हे खरं आहे? कोणालाच विचारलं नाही तुम्ही?"

त्या नातीची, छोट्या दियाची, वेणी घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाही विचारलं बाई. अक्कल नाही, दुसरं काय."

दिया ओरडली, "आजी, केस ओढू नको!"

१९ डिसेंबर

उत्तर नाही. कांताबाई आता वॉकर घेऊन चालतात. दियाला शाळेतून आणायचं बंद झालं. ती दुसऱ्या कोणाबरोबर येते आणि समोरून हात हलवते.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

अर्ज परत! नाकारलासुद्धा नाही – 'अवैध', म्हणजे उघडून पाहिलाच नाही. उशिराला वाजवी कारण दिलेलं नाही. आणि पुढचं वाक्य तर कडी आहे: मुलाने वेळेत अर्ज केला, त्याअर्थी घरात योजनेची माहिती होती.

समर माझ्याच दारात उभा राहून बोलत होता. एवढा उंच माणूस, मान खाली घालून. "काकी, हे आईला काढतील काय?"

मी म्हटलं, कोणी हात तर लावू दे. पण मलाही माहीत आहे, कोणी हात लावायला येत नसतं. ऑपरेशन मिळत नाही, घर भाड्याने मिळत नाही, एकदा पेडण्याला भावाकडे गेल्या की परत येऊ देतीलच असं नाही. माणसाला काढावं लागत नाही. एकेक दार लागत जातं आणि एक दिवस तो स्वतःच उठून जातो.

कांताबाईंनी म्हणे पेडण्याला भावाला फोन केलाय – तिथली खोली झाडून ठेव.

१३ जानेवारी, मंगळवार

बर्मिंगहॅमला गेले, ट्रेनने. ईशिताने एका इमिग्रेशन सल्लागाराचं नाव दिलं होतं, प्रबुद्ध. चाळिशीचा, इथेच जन्मलेला, मराठी मात्र आईकडून अशी घेतलेली की ऐकत राहावं. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. मी बघतेय असं पाहून म्हणाला, "कायदा लिहिणाऱ्याचा फोटो ऑफिसात, काकू. बाकीचे घरी." मला हसू आलं. मग थोडी लाजही वाटली. माझ्या माहेरी या फोटोला भिंत मिळाली नसती.

त्याने दोन्ही पत्रं वाचली. म्हणाला, "निळ्या कार्डवाल्यांचं ते आता ऐकून घेतात. 'कार्ड आहे म्हणून अर्ज लागत नाही असं वाटलं', हे कारण चालतं. पण मुलाने लिहून दिलंय की कोणाला विचारलं नाही. म्हणजे नुसता निष्काळजीपणा. त्यांना कोणी तरी चुकीचं सांगितलं असेल ना, काकू? कोणी शहाण्यासुरत्या माणसाने? त्याचं स्टेटमेंट मिळालं, आणि त्या काळातला काही कागद मिळाला, तर केस उभी राहते."

मी म्हटलं, त्या म्हणतात, कोणी नाही.

"माणसं लपवतात," तो म्हणाला. "विशेषतः ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याचं नाव."

पंच्याऐंशी पानांच्या जुन्या फॉर्मची प्रत शोधायला सांगितलीय.

१५ जानेवारी, गुरुवार

प्रत शोधायला वरच्या खोलीतलं कपाट उघडलं. फॉर्म सापडला. त्याखाली माझ्या जुन्या वह्या होत्या. २०१९ ची उगाच चाळली – ते साल मी कधीच उघडत नाही. मार्चच्या १६ ला पुण्यात ताई गेली. तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. मी गेलेच नाही. १६ ला काही लिहिलेलं नाही. १७, १८ कोरी. मग १९. नोंद जशीच्या तशी उतरवते:

'कांताबाई आली. हातात डबा, पिठलं-भात. म्हणजे काम असणार. दारातच विचारलं, काय कागद आहे? तेच निळं कार्ड. म्हटलं, परमनंट आहे, काही करायला नको. लायब्ररीतून आणलेलं पत्रक टेबलावरच होतं, कार्ड असलं तरी नवा अर्ज करावा लागेल असं त्यात छापलंय. दाखवलं नाही. चुकून एका तालुक्यात जन्मली म्हणून हिला अर्ध्या युरोपाने दारं उघडायची, आता वर "कृपया राहा" म्हणून पत्रकं छापायची, आणि – जाऊ दे. शोधेल तिची ती. डबा बिनमध्ये टाकला.'

माझं अक्षर. निळी शाई. शंकेला जागा नाही.

१६ जानेवारी

काही नाही लिहायचं.

१७ जानेवारी, शनिवार

मला आठवतच नव्हतं! शपथेवर सांगेन. विसरले होते, पूर्ण. पण विसरायला आधी माहीत असावं लागतं.

गेले अडीच महिने मी या वहीत कोणाकोणाला झोडपलं – होम ऑफिस, हॉस्पिटल, तो फोनवरचा मुलगा, समर, स्वतः कांताबाई. 'समोर मी बसलेय', असं ठसक्यात लिहिलंय. होतेच मी समोर बसलेली.

चूक असती तर सोसलं असतं. चूक सगळे करतात. मला माहीत होतं आणि मी उठले नाही. पत्रक हाताच्या अंतरावर. देशादेशांच्या भांडणाचा हिशेब मी एका काकडी कापणाऱ्या बाईवर चुकता केला, तोही काही न करता. कोर्टात दुभाषीचं काम करताना अशी किती माणसं पाहिली, 'मी काहीच केलं नाही' म्हणणारी.

ताईचं दुःख होतं, हे कारण नाही. मला कारण म्हणून ते वापरायचं नाही.

१८ जानेवारी, रविवार

ईशिताला फोनवर वाचून दाखवलं. ती मग वकिलासारखी म्हणाली, "आजी, पहिला हाफ पुरे आहे. तू सांगितलीस की अर्ज नको, ते तिथपर्यंत येतो. खाली दुसरा कागद ठेवून फोटोकॉपी काढ."

दुपारी लायब्ररीत गेले. मशीनवर वही ठेवली. खालच्या अर्ध्यावर पांढरा कागद ठेवला. प्रत छान आली. 'काही करायला नको', पूर्णविराम, आणि खाली स्वच्छ पांढरं. मागे एक गृहस्थ रांगेत खोकत होते.

प्रत घेऊन घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. त्याच टेबलावर.

१९ जानेवारी, सोमवार

कांताबाईंकडे गेले. मीच गेले, मुद्दाम. पंधरा वर्षांत त्यांच्या घरात मी किती वेळा गेले असेन? तीन? चार? त्याच यायच्या.

सरळ विचारलं. "तुम्ही मला विचारलं होतंत. एकोणीस साली. मी सांगितलं, अर्ज नको. मग समरला खोटं का लिहू दिलंत?"

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमचं नाव कशाला सरकारात, बाई? तुम्ही शिकलेल्या. चार लोकांत मान."

"आणि तुमचं काय होईल?"

"माझं काय, मी कार्डावर विसंबले. तुम्ही थोडंच मुद्दाम सांगितलं?"

त्यांनी चहा ठेवला. साखर दोन चमचे. मी बिनसाखरेचा घेते, हे त्यांना माहीत नाही, कारण मी कधी बसलेच नाही.

प्यायले.

२२ जानेवारी, गुरुवार

पुन्हा प्रबुद्धकडे. अर्धी प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "काकू, पान इथे संपत नाही."

"पुरतं ना पण?"

"अर्धं पान बघून ते विचारतील, खाली काय झाकलंय. मी असतो तर विचारलं असतं." मग म्हणाला, "आणि एक सांगायला हवं. परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा या देशात गुन्हा आहे. शेजारणीला एक वाक्य सांगितलं म्हणून कोणी येणार नाही. पण सही करताना माहीत असावं."

मी पिशवीतून अख्खी वही काढून दिली. त्याने १९ मार्च वाचलं. मी बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत बसले. त्याने वाचून वही बंद केली, वर हात ठेवला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हे पूर्ण गेलं तर केस पक्की होते. समोर कागद असताना एका शिकलेल्या माणसाने मुद्दाम दाखवला नाही – यात त्यांचा दोष शून्य. पण हे इंग्रजीत होईल, फायलीत राहील. आणि अर्ज कांताबाईंचा आहे. त्या वाचतील."

"मराठी शाळा. सातवीपर्यंत," मी म्हटलं. "त्यांना भाषांतर लागणार नाही."

येताना ट्रेनमध्ये वाटलं, नन्सच्या शाळेत कन्फेशनला आम्हा हिंदू मुलींना पाठवत नसत. आम्ही बाहेर व्हरांड्यात थांबायचो, नशीबवान वाटायचं. एकाहत्तराव्या वर्षी नंबर लागला. जाळीपलीकडे फादर नाही, होम ऑफिसचा कोणी तरी अधिकारी, बहुतेक ईशिताच्या वयाचा.

२ फेब्रुवारी, सोमवार

गेला अर्ज. माझं स्टेटमेंट दोन पानी, सहीसकट. प्रबुद्धच्या ओळखीच्या रूपालीने १९ मार्चचं भाषांतर केलं, शिक्का मारला. 'शोधेल तिची ती' ला तिने लेट हर फाइंड आउट फॉर हरसेल्फ केलंय. बरोबर आहे. इंग्रजीत जास्त थंड वाटतं.

मूळ वही अर्जदाराकडे ठेवायची, मागितली तर दाखवायला. म्हणून मी स्वतः समोर नेऊन दिली. म्हटलं, "खूण घातलीय त्या पानात. वाचा. तुमच्याच अर्जाचा कागद आहे."

कांताबाईंनी पदराला हात पुसून वही घेतली. पोथी घेतात तशी.

६ फेब्रुवारी

समोरचा पडदा बंद.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पडदा उघडा. मला बघून त्या आत गेल्या.

बरोबर आहे. मी असते तर दगड मारला असता.

१७ फेब्रुवारी

दियाने हात हलवला. तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रबुद्धचा फोन! अर्ज वैध धरला. सर्टिफिकेट ऑफ ॲप्लिकेशन आलं. अंतिम निकालाला अजून काही महिने, पण तोवर त्यांचे सगळे हक्क चालू. हॉस्पिटलला हेच पुरतं. "आता निम्मं काम झालं, काकू. उरलेलंही होईल."

मी आभार मानले. मग खुर्चीत बसून राहिले. वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल.

एका पत्राने हक्क गेला, एका पत्राने आला. मधल्या काळात कांताबाई तीच, गुडघा तोच. करार कोणी केला, मोडला कोणी, मतं कोणी दिली – माझ्यासारख्यांनी, कशाकशाचा राग काढायला – आणि बिलगून राहिला तो फक्त एक लॅमिनेट केलेला कागद, एका बाईच्या पिशवीत.

समोर जावंसं वाटलं. गेले नाही. कागदाच्या निमित्ताने मी आता त्यांच्या दारात जायचं नाही.

५ मार्च, गुरुवार

समर येऊन सांगून गेला, ऑपरेशनची तारीख मिळाली, २४. "थँक्यू काकी" म्हणाला. पाय उंबऱ्याबाहेरच ठेवून.

७ मार्च, शनिवार

दारात कापडी पिशवी. बेल वाजवली नव्हती. आत माझी २०१९ ची वही, खाकी कागदात गुंडाळलेली. खुणेचं पान उघडलं. माझ्या निळ्या शाईखाली, पेन्सिलीने, गोल, शाळेतल्या मुलीचं अक्षर:

'पत्रक मला दिसलं होतं, पण इंग्रजी होतं. मी कार्डाचं विचारायला आले नव्हते. ताई गेल्या म्हणून ईशिताने बसस्टॉपवर सांगितलं. तुम्ही दारातच कागद विचारलात, मला काय बोलावं सुचेना, म्हणून पिशवीतलं कार्ड काढलं. – कांता'

मी कोणाला सांगितलं नव्हतं. ताईसाठी कोणी माझ्या दारात आलं नाही, हेच मी सात वर्षं धरून बसले होते.

पिठलं-भात आणला होता त्यांनी. सुतकाच्या घरी शेजारी नेतात तो पिठलं-भात!